पंपाच्या शाफ्टवर जाम झालेलं कपलिंग कसं उतरवायचं

बडोद्यात पुराचं पाणी ओसरलं की थोड्याच दिवसांत एक काम हमखास निघतं. सोसायटीच्या तळघरातला पंप बुडालेला असतो. मोटर रिवाइंडिंगला द्यायची असते किंवा बेअरिंग बदलायचं असतं, आणि त्यासाठी आधी शाफ्टवरचं कपलिंग, म्हणजे मोटरचा आणि पंपाचा शाफ्ट एकमेकांना जोडणारा भाग, उतरवावं लागतं. ते जागचं हलत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर हे दृश्य घरोघरी दिसलं. पण पूर हे एक निमित्त. मकरपुरा जीआयडीसीत वर्षानुवर्षं न उघडलेल्या कोरड्या सेटवरही कपलिंग तसंच धरतं.

हा लेख नव्यांसाठी आहे. तरसालीच्या आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं, सोसायटीचा पंप सांभाळणारे, किंवा वाडीवरचा सेट स्वतः उघडायची हौस असणारे. मोनोब्लॉक पंप, म्हणजे मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर, असेल तर त्याला कपलिंगच नसतं, तेव्हा तसा पंप असणाऱ्यांनी पुढचं वाचायची गरज नाही. मोटर वेगळी, पंप वेगळा आणि मधे कपलिंग, असा सेट डोळ्यापुढे ठेवून लिहितो आहे. आकडे दहा एचपीच्या, मिनिटाला चौदाशे-साडेचौदाशे फेऱ्यांच्या मोटरचे देतो, कारण तीच जास्त भेटते. १३२ फ्रेमची ही मोटर (फ्रेम म्हणजे मोटरच्या आकाराचा नंबर), तिचा शाफ्ट ३८ मिलिमीटरचा आणि चावी, म्हणजे शाफ्ट आणि कपलिंगच्या खाचेत (गाळ्यात) बसणारा लोखंडी तुकडा, १० बाय ८ मिलिमीटरची.

एकच गोष्ट मनात पक्की धरा, बाकी सगळं तिच्यातून निघतं. कपलिंगला जेवढी ओढ द्याल, तेवढाच दाब शाफ्टच्या टोकावर पडला पाहिजे आणि तो जोर त्याच अवजारात मिटला पाहिजे. बेअरिंगपर्यंत काही पोचता कामा नये. हातोडा नेमकं उलटं करतो. कपलिंगच्या पाठीवर घातलेला प्रत्येक घाव शाफ्टमधून थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि त्यांचे खळगे रिंगेत उमटतात. कपलिंग निघतं, मोटर चालूही होते, आणि महिन्याभरात घरघर सुरू होते. मग दोष रिवाइंडिंगवाल्याच्या माथी मारला जातो.

आधी वीज, मग पाणी

स्टार्टर बंद केला म्हणजे झालं असं समजू नका. तळघरातल्या पंपाला बहुतेक वेळा वरच्या टाकीचा फ्लोट स्विच किंवा लेव्हल कंट्रोलर जोडलेला असतो. टाकी रिकामी झाली की तो आपणहून पंप चालू करतो, त्याला तुमचा हात आत आहे हे कळत नाही. मेन स्विच खाली करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, पॅनेलला कुलूप घाला आणि वर पाटी लावा. मग मोटरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून तिन्ही फेज मेलेल्या आहेत याची खात्री करा. मीटर आधी एखाद्या चालू पॉइंटवर तपासून घ्या, नाहीतर बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असला तर वरच्या टाकीतलं पाणी मागे येऊन पंप उलटा फिरवतं. कपलिंग सुटत असतानाच तो फिरला तर बोटं जातात.

पुरानंतर लगेच उतरत असाल तर पायऱ्यांवरून टॉर्च मारून आधी कोपरे बघा. विश्वामित्रीतल्या मगरी पुरात वस्तीत येतात हे बडोदेकरांना सांगायला नको, आणि सापांना तर कोरडा ओटा लागतोच.

खुणा आणि मापं

गार्ड काढा. एका ओळीत येतील असे दोन ठिपके सेंटर पंचनं पाडा, एक मोटरकडच्या अर्ध्यावर, एक पंपाकडच्या. खडूच्या खुणा तेलात पुसल्या जातात. शाफ्टचं टोक कपलिंगच्या तोंडापासून किती आत किंवा बाहेर आहे ते व्हर्नियरनं मोजा. दोन अर्ध्यांमधली फट मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा.

मोटरच्या चारही पायांखाली पातळ पत्र्याचे शिम असतात. ज्या पायाचे शिम त्याच पायाचे राहिले पाहिजेत. प्रत्येक पायाचे शिम तारेत ओवून त्यावर चिठ्ठी बांधा. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर परत बसवताना अलाइनमेंटमध्ये, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणण्यात, अख्खी दुपार जाते.

दोन अर्धे वेगळे करणं

पिन-बुश कपलिंग असेल तर पिनांचे नट काढा आणि पिना एकेक करून बाहेर घ्या. पिनेचं निमुळतं अंग एका अर्ध्यात बसलेलं असतं आणि रबरी बुश दुसऱ्या अर्ध्यात. जुनं रबर फुगून चिकटतं. नट पिनेच्या टोकापर्यंत परत चढवून त्या नटावर पितळी ड्रिफ्ट, म्हणजे जाड सळई, ठेवून ठोका, म्हणजे आटे खराब होत नाहीत. इथे हलका हातोडा चालतो, कारण घाव पिनेवर आहे. तरी समोरच्या बाजूनं फ्लँजला, म्हणजे कपलिंगच्या थाळीला, जड लोखंडाचा टेका द्या.

पिना निघाल्या की मोटरच्या पायांचे बोल्ट काढून मोटर सरळ रेषेत मागे सरकवा. जागा नसेल तर मोटर उचलून बाहेर घ्या आणि टेबलावर काम करा. तळघरात गुडघ्यावर बसून ओढण्यापेक्षा ते शंभर वेळा बरं.

रबराशिवायचं फ्लँज कपलिंग असेल, म्हणजे दोन लोखंडी थाळ्या एकमेकींना बोल्टनं कसलेल्या, तर बोल्ट काढल्यावरही थाळ्या सुटत नाहीत. एकीच्या मधला उंचवटा दुसरीच्या खाचेत बसलेला असतो आणि तिथेच गंज धरतो. काही थाळ्यांना रिकामी आट्याची भोकं दिलेली असतात. त्यात बोल्ट घालून कसत गेलं की तो समोरच्या थाळीला ढकलतो. भोकं नसतील तर समोरासमोर दोन पातळ पाचरी घ्या आणि आलटून पालटून थोड्या थोड्या ठोका. एकाच बाजूनं पाचर ठोकली की थाळी तिरकी होते आणि आणखी घट्ट अडकते. कास्ट आयर्नच्या कडेवर घण घातला तर तुकडाच उडतो.

नेमकं कशानं धरलंय?

आता अर्धं कपलिंग शाफ्टवर एकटं उरलं. पुलर, म्हणजे ओढून काढायचं अवजार, लावायची घाई इथेच सगळ्यांना होते. थांबा. वायर ब्रशनं हब, म्हणजे कपलिंगचा शाफ्टवर बसलेला मधला जाड भाग, सगळ्या बाजूंनी उघडा करा. रंग, ग्रीस, माती, सगळं काढा.

हबवर, बहुतेक वेळा चावीच्या बरोबर वर, ग्रब स्क्रू असतो, म्हणजे बिनडोक्याचा, आत दाबून धरणारा स्क्रू. रंगाखाली तो दिसत नाही, हाताला जेमतेम खळगा लागतो. खिळ्यानं खळग्यातली घाण उकरा, अॅलन की हलक्या ठोक्यानं तळापर्यंत बसवा आणि मगच फिरवा. अर्धवट बसलेली की षटकोन गोल करून टाकते. स्क्रू बाहेर आला की त्याच भोकात टॉर्च मारून पुन्हा बघा. एका ग्रब स्क्रूला लॉक म्हणून त्याच्या वर दुसरा बसवायची पद्धत आहे, आणि खालचा तसाच ठेवून पुलर मोडणारे कमी नाहीत.

शाफ्टच्या टोकाकडेही बघा. तिथे कधी नट असतो, कधी मधल्या आट्यात वॉशरसकट बोल्ट. आणि हबच्या तोंडावर दोन-तीन अर्धगोल भोकं दिसली तर ते टेपर लॉक बुश आहे, म्हणजे हब आणि शाफ्ट यांच्या मधे पाचरीसारखी बसणारी निमुळती बाही. त्याला पुलर लावायचाच नसतो. कसलेले स्क्रू काढा, त्यातला एक रिकाम्या अर्ध्या आट्याच्या भोकात घालून कसा, बुश आपोआप ढिला होऊन सुटतो.

हे सगळं निघाल्यावर उरतात दोनच गोष्टी, मुळातली घट्ट बसणी आणि गंज. हबच्या तोंडाशी, शाफ्टच्या कडेनं, तांबूस तपकिरी बारीक भुकटी दिसते का बघा. कुंकवासारखी बोटाला लागते. ती दिसली तर कपलिंग आत किंचित हलत होतं आणि त्या घासण्यातून हा गंज तयार झाला आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून ढिलं असलेलं कपलिंगही पुढे जाम होतं. भुकटी दिसली म्हणजे शाफ्ट झिजला असण्याचीही शक्यता आहे. उतरवल्यावर मायक्रोमीटर लावल्याशिवाय तो परत वापरू नका.

तेलाला वेळ द्या

पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात झिरपणारं पातळ तेल, हबच्या दोन्ही तोंडांना, चावीच्या गाळ्यात आणि ग्रब स्क्रूच्या भोकात सोडा. हे भोक थेट बसणीच्या मधोमध उतरतं, म्हणून तिथून तेल सर्वात लवकर पोचतं. शक्य असेल तर मोटर उभी करून ठेवा, तेल खाली झिरपेल. रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा सोडा. हबच्या घेरावर पितळी हातोडीनं चौफेर हलके ठोके दिले तर कंपनानं तेल आत शिरतं. हे ठोके घेरावर द्यायचे, शाफ्टच्या दिशेनं कधीच नाही.

ओढायचं कसं

बाजारातला तीन पायांचा पुलर छोट्या कपलिंगला चालतो. पाय हबच्या मागे पूर्ण बसले पाहिजेत. कास्ट आयर्नच्या फ्लँजच्या पातळ कडेला पाय अडकवले तर कड तुटते. दोन पायांचा पुलर हाताशी असला तरी शक्यतो वापरू नका, तो तिरका ओढतो.

माझी पसंती पुलरपेक्षा पट्टीला आहे. २० मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी घ्या. तिला दोन भोकं पाडा, कपलिंगच्या समोरासमोरच्या दोन पिन-भोकांशी जुळणारी. त्यातून ८.८ ग्रेडचे लांब बोल्ट घालून मागे जाड वॉशर आणि नट लावा. पट्टी आणि शाफ्टचं टोक यांच्या मधे लोखंडी ठोकळा, ३८ च्या शाफ्टला साधारण ३० मिलिमीटर व्यासाचा. तो शाफ्टपेक्षा बारीक असलाच पाहिजे, नाहीतर कपलिंग पुढे सरकताना त्याच्यावरच अडेल. आता नट कसले की पट्टी कपलिंगला ओढते आणि ठोकळा शाफ्टला मागे दाबतो. जोर या चौकटीतच मिटतो. बेअरिंगला पत्ताही लागत नाही.

शाफ्टच्या टोकाला मधोमध आटे असतात, ३८ च्या शाफ्टला सहसा एम१२. ते दबून खराब होऊ नयेत म्हणून त्यात एक बोल्ट पूर्ण बसवा आणि ठोकळ्याऐवजी, जागा जुळत असेल तर, त्याच्या डोक्यावरच पट्टी टेकवा.

समुद्रावरच्या शिडाच्या बोटींमध्ये हीच युक्ती वापरतात. त्यांच्या छोट्या इंजिनाच्या गिअरबॉक्सला एक फ्लँज असतो आणि प्रोपेलरच्या शाफ्टवर दुसरा. खारं पाणी आणि अरुंद जागा, पुलरचे पाय पसरायला वाव नाही. म्हणून दोन फ्लँजच्या मधे शाफ्टपेक्षा बारीक सॉकेट ठेवतात, मूळ बोल्टांच्या जागी लांब बोल्ट घालतात आणि एकेक बोल्ट थोडा थोडा, फिरत्या क्रमानं कसतात. गिअरबॉक्सचा फ्लँजच पट्टीचं काम करतो. मात्र असमान कसलं तर तोच फ्लँज वाकतो आणि खर्च भलताच वाढतो. शिवाय बोट पाण्यात असेल तर शाफ्टला आधी क्लँप लावून ठेवतात. सुटलेला शाफ्ट मागे घसरून बाहेर पडला तर त्या भोकातून समुद्र आत येतो. आपल्या तळघरात तो धोका नाही, बाकी नियम तेच.

नट एकदम कसू नका. एकाला पाव फेरी, मग समोरच्याला पाव फेरी. दर दोन-तीन वेळा पट्टी आणि कपलिंग यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक पडला तर मागे राहिलेली बाजू आधी बरोबर करा. सगळं ताणलं गेलं आणि पाना जड झाला की हात थांबवा. लांब पाइप घालून जोर वाढवू नका. ताण तसाच ठेवून हबच्या घेरावर, खालून जड हातोड्याचा टेका देऊन, वरून पितळी हातोडीनं ठोके द्या आणि कपलिंग थोडं थोडं फिरवत राहा. पुष्कळदा एवढ्यावरच ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. हबच्या तोंडाशी केसाएवढी चकचकीत रेघ उघडी पडते. तीच रेघ बघायची असते. तिथून पुढे ते सरळ येतं.

पट्टीच्या समोर कधीही उभं राहू नका. ताणलेल्या बोल्टवर जाड ताडपत्री टाका, डोळ्यांवर चष्मा घाला.

तरीही हललं नाही तर उष्णता

लोखंड तापलं की फुगतं. ३८ च्या बोअरचं (बोअर म्हणजे शाफ्ट बसतो ते भोक) कास्ट आयर्नचं कपलिंग शाफ्टपेक्षा १०० अंशांनी जास्त गरम झालं तर बोअर सुमारे ०.०४ मिलिमीटरनं मोठा होतो. या शाफ्टची बसणी कारखान्यात जास्तीत जास्त ०.०१८ मिलिमीटर घट्ट ठेवलेली असते. म्हणजे उष्णता मूळ घट्टपणाच्या दुपटीहून जास्त मोकळीक देते. अट एकच, शाफ्ट थंड राहिला पाहिजे. दोन्ही सारखेच तापले तर काहीच मिळत नाही.

म्हणून मोठी ज्योत आणि झटपट काम. बारीक ज्योतीनं अर्धा तास शेकत बसलात तर उष्णता शाफ्टमध्ये उतरते. आधी रबरी बुश सगळे काढले आहेत ना बघा. कालचं पेनिट्रेटिंग ऑइल चिंधीनं कोरडं पुसा आणि त्याचा डबा खोलीबाहेर ठेवा. तळघर असेल तर गॅस तिथे लावूच नका, मोटर उघड्यावर आणा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खालीच साचून राहतो.

मोटरच्या बाजूला शाफ्टवर ओली चिंधी गुंडाळा, म्हणजे ऑइल सील आणि बेअरिंगचं ग्रीस वाचेल. पट्टी ताणून ठेवा. मग ज्योत फ्लँजच्या बाहेरच्या कडेपासून हबकडे, सतत फिरवत न्या. एका जागी धरली की कास्ट आयर्न तडकतं. चावीच्या बाजूचा हब पातळ असतो, तिथे हात जरा चालता ठेवा. पाण्याचा थेंब टाकला आणि तो ताबडतोब उकळून उडाला की शंभरच्या पुढे गेलात. थेंब गोळी होऊन नाचायला लागला की दोनशेच्या आसपास आहात, त्यापुढे तापवायची गरज नाही. ज्योत बाजूला करा आणि लगेच नट कसा. कपलिंग सुटलं की आपसूक थंड होऊ द्या. पाणी ओतलं तर तडा जाईल.

एक इशारा. हबच्या समोरचं तोंड झाकणानं बंद असेल आणि आत ग्रीस भरलेलं असेल तर आधी ते झाकण उघडा. बंद पोकळीतलं ग्रीस तापलं तर दाबानं फुटू शकतं.

शेवटचा इलाज

दोनदा तापवूनही हललं नाही तर कपलिंगचा मोह सोडा. नवं कपलिंग स्वस्त असतं, शाफ्ट महाग. ग्राइंडरनं हबला चावीच्या बरोबर वर लांबीभर चीर द्या. जागा तीच का, तर तिथे हब सर्वात पातळ असतो आणि पाती चुकून खोल गेली तरी चावीला लागते, शाफ्टला नाही. शेवटचा दीड-दोन मिलिमीटर न कापता ठेवा आणि चिरेत छिन्नी ठोकून हब उघडा. कास्ट आयर्न पटकन फाकतं. स्टीलच्या हबला समोरच्या बाजूनंही चीर द्यावी लागते, पण तिथे खाली चावी नसते, म्हणून खोली फार जपून.

परत बसवताना

निघालेल्या शाफ्टवरचा गंज एमरी पेपरनं काढा, गाळ्याच्या कडेचे बर, म्हणजे वर आलेले धारदार कंगोरे, कानशीनं उतरवा आणि मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी मोजा. नवी चावी गाळ्यात बाजूंनी घट्ट आणि वरून किंचित मोकळी हवी. वरून दाटलेली चावी हबला एका बाजूला ढकलते, कपलिंग थरथरत चालतं. शाफ्टवर अँटी-सीझ पेस्टचा पातळ थर द्या. पुढच्या वेळी उतरवणाऱ्यावर यापेक्षा मोठे उपकार नाहीत.

कपलिंग ठोकून चढवू नका. ज्या हातोड्यापासून बेअरिंग वाचवलं त्याच हातोड्यानं आता मारू नका. हब १०० ते १२० अंशांवर तापवला की जाड हातमोज्यांनी तो सहज सरकतो. मधल्या एम१२ आट्यात लांब स्टड, जाड वॉशर आणि नट घालूनही ओढून बसवता येतं. वहीतल्या मापावर थांबवा, ग्रब स्क्रूला मध्यम थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावून कसा.

शिम ज्यांचे त्यांना द्या, ठिपके जुळवा आणि अलाइनमेंट डायल गेजनं करा. पट्टी-फुटाचा अंदाज दहा एचपीला पुरत नाही. चौदाशे-साडेचौदाशे फेऱ्यांना दोन शाफ्टांतला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत, तीन हजारांना त्याच्या निम्मा. पाय कसल्यावर पुन्हा मोजा, कारण कसताना मोटर हलते. गार्ड बसवल्याशिवाय चालू करू नका. अर्धा तास चालवून बेअरिंगवर हात ठेवा, मग वीज तोडून पायांचे बोल्ट आणि ग्रब स्क्रू एकदा पुन्हा तपासा.